मासवडीत मासा कुठंय?

आमच्या घरी माशाचा वार ठरलेला नसायचा. आजोबांच्या हाताला मासा लागला की तो माशाचा दिवस. आष्टी तालुक्यातलं गाव, समुद्र अडीचशे किलोमीटरच्या आसपास लांब. मासा यायचा तो सीना नदीकाठच्या भोयाकडून किंवा तलावावरून, लिंबाच्या डहाळीत गुंडाळून. आजोबा तो घरात आणायचेच नाहीत. परसात तीन दगडांची चूल, वेगळं पातेलं, वेगळी पळी. आजीच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि माळ असलेल्या बाईच्या चुलीवर मासा चढत नाही.

पण त्याच दिवशी आत, आजीच्या चुलीवर, मासवडी व्हायची. हे ती सांगून-ठरवून करत नसे, पण चुकतही नसे. बाहेरून माशाच्या कालवणाचा वास आला की आत बेसन चाळायला घेतलं जायचं. आम्ही पोरं बाहेर जेवून आत यायचो आणि पुन्हा जेवायचो.

एकदा मी विचारलं, "आज्जे, हिच्यात मासा कुठंय?"

ती म्हणाली, "काटा न्हाई, पाप न्हाई. मंग अजून काय पायजे?"

हा प्रश्न मला खरा पडला तो पंधरा-वीस वर्षांनी, पुण्यात. एका मैत्रिणीनं फ्रीझरमधून 'प्लांट-बेस्ड फिश' काढून तळला. वास अगदी समुद्राचा. वरचं आवरण कुरकुरीत. पण दाताखाली आल्यावर रबर. पाकिटावर वाचलं तर सोया प्रोटीन, स्टार्च, तेल, फ्लेवर. म्हणजे या तुकड्यात माशाचा वास होता, पण मासा नव्हता. आणि आजीच्या मासवडीत माशाचा वास कधीच नव्हता, तरी ती माशाच्या जागी बसायची.

असं का? उत्तर शोधत गेले तर ते एका साध्या गोष्टीपाशी येऊन थांबलं. तुम्ही कुठल्या बियांचं प्रोटीन निवडता, त्यावर बाकीचं सगळं ठरतं.

दोरी आणि गुंडी

आधी माशाकडे बघू. शिजलेला मासा काट्याजवळ बोटानं दाबला की पापुद्रे सुटतात. बकऱ्याचं मटण असं सुटत नाही. माशाच्या स्नायूंचे धागे आखूड असतात आणि ते थरांमध्ये रचलेले असतात. दोन थरांच्या मध्ये एक पातळ पडदा असतो, कोलॅजेनचा. माशाचं कोलॅजेन मटणाच्या मानानं फार कमी उष्णतेला विरघळतं. म्हणून मटणाला कुकरच्या पाच शिट्ट्या लागतात आणि मासा दहा मिनिटांत होतो. पडदा विरघळला की थर मोकळे होतात.

म्हणजे स्नायूतलं प्रोटीन ही दोरी आहे. ताणायला, आकसायला बनलेली.

बियांतलं प्रोटीन तसं नाही. हरभरा, तूर, मूग, सोयाबीन यांच्या दाण्यात प्रोटीन साठवलेलं असतं ते पुढच्या रोपासाठी शिदोरी म्हणून. शिदोरी आटोपशीर बांधावी लागते. त्यामुळे हे प्रोटीन गुंडाळलेल्या सुताच्या गुंडीसारखं असतं. त्याला धागा नाही, दिशा नाही, थर नाहीत. वनस्पतीपासून मासा करायचा म्हणजे गुंड्या उसवून त्यांची दोरी वळायची.

आजीला यातलं काही माहीत नव्हतं, पण बेसन तिला पुरतं माहीत होतं.

बेसन काय करतं

मासवडी जुन्नर-आंबेगावकडची, नगरकडची. नगरच्या हद्दीला लागून असलेल्या आमच्या आष्टीतही ती घरचीच. ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कढईत तेलावर जिरं, लसूण, हळद, तिखटाची फोडणी. त्यावर पाणी. पाण्याला आधण आलं की एका हातानं बेसन सोडायचं आणि दुसऱ्या हातानं घोटत राहायचं. गुठळी झाली की संपलं. घट्ट गोळा झाला की झाकण ठेवून वाफ आणायची. मग ओल्या फडक्यावर तो गोळा गरम असतानाच पाण्याचा हात लावून थापायचा. वर भाजलेले तीळ, सुकं खोबरं, खसखस, परतलेला कांदा, लसूण, काळा मसाला यांचं सारण पसरायचं. फडक्यासकट दुमडायचं, दाबायचं, वर निमुळता आकार द्यायचा. निवलं की सुरीनं आडवे काप. काप माशाच्या तुकड्यासारखा दिसतो, कडेला पिवळं मांस आणि मध्ये काळसर पोट. सोबत पातळ, झणझणीत रस्सा आणि बाजरीची भाकरी.

नाव आकारावरून पडलं. पण हा आकार टिकतो कशामुळे? हरभऱ्याच्या डाळीत साधारण वीस-बावीस टक्के प्रोटीन असतं आणि त्याच्या दुपटीच्या आसपास स्टार्च. उकळत्या पाण्यात स्टार्च फुगून चिकट होतं आणि प्रोटीन गोठतं. दोघं मिळून जाळं विणतात. गरम असताना ते थापता येतं, निवल्यावर घट्ट बसतं. तेवढ्या मधल्या दहा मिनिटांत हात चालवावा लागतो. आजीची बोटं लाल व्हायची, पण ती थांबायची नाही. थांबली असती तर वडीला चिरा पडल्या असत्या.

ज्वारीच्या पिठाचं हे होत नाही. ज्वारीत स्टार्च भरपूर आहे, पण तिचं प्रोटीन पाण्यात मिसळायलाच तयार नसतं. तिची उकड होते, वडी होत नाही.

म्हणजे मासवडीतली पहिली निवड चवीची नव्हती, रचनेची होती. आणि बेसनाला धागे नाहीत ही उणीव सारणानं भरून काढली. माशात थर सुटतात ते मधल्या पडद्यामुळे. मासवडीत थर सुटतो तो मधल्या तीळ-खोबऱ्यामुळे. बेसनाचा मऊपणा, तिळाचा कुरकुरीतपणा, खोबऱ्याचं तेल, असं एका घासात तीन तऱ्हा. माशाची नक्कल करण्याऐवजी माशासारखं काहीतरी घडवलं गेलं.

समुद्र नसलेला मासा

कोकणातल्या माणसाला मासवडी दाखवली तर तो हसेल. त्याच्याकडे श्रावणात दुसरीच युक्ती असते. सुरणाचे, कच्च्या केळ्याचे, निरफणसाचे काप करायचे, त्यांना माशालाच लावतो तोच मसाला लावायचा, रव्यात घोळवायचे आणि तव्यावर खरपूस भाजायचे. या कापांत प्रोटीन जवळजवळ नाहीच, नुसतं स्टार्च. पण आमसुलाचा आंबटपणा, तिखट, रव्याचं कवच, सगळं सुरमईच्या तुकडीचं.

फरक बघा. समुद्राकाठच्या माणसाच्या जिभेला मासा रोजचा. त्याला चव हवी होती आणि आत काय आहे याची त्याला पर्वा नव्हती. पठारावरच्या माणसानं आकार आणि पोटभरीचं प्रोटीन घेतलं. चव घेतलीच नाही.

कारण आमच्याकडे माशाची चव म्हणजे काय होतं? समुद्री माशाचा जो ओळखीचा वास, तो ट्रायमिथिलअमाइन नावाच्या संयुगाचा. समुद्राच्या खारेपणाशी जुळवून घ्यायला त्या माशांच्या अंगात एक पदार्थ असतो. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं हे संयुग करतात. चिंच, आमसूल, लिंबू यांतलं आम्ल त्याला बांधून ठेवतं, म्हणून किनाऱ्यावर माशाला आंबट लागतंच. गोड्या पाण्यातल्या माशात हा प्रकार फारसा नसतो. त्याला वास असतो तो चिखलाचा, पहिल्या पावसाच्या मातीचा. पावसानंतरच्या मातीच्या वासामागे जिओस्मिन नावाचं जे संयुग आहे, तेच तळ्यातल्या माशात उतरतं. तो वास दाबायला लसूण, काळा मसाला आणि भरपूर तिखट.

मग सीनेच्या माशाचं कालवण खाणाऱ्याच्या जिभेवर काय राहायचं? बहुतेक रस्साच. तो रस्सा तर मासवडीबरोबरही होता. आजीच्या ताटातून मासा वगळला तरी माशाची चव वगळली जात नव्हती, ती याच्यामुळे. समुद्राचा वास आमच्याकडे यायचा तो फक्त आठवडी बाजारातल्या सुकट-बोंबलाच्या पाटीतून, आणि माळकऱ्यांच्या बायका त्या पाटीला वळसा घालूनच जायच्या.

जुनी खटपट

ही खटपट आजीपासून सुरू झालेली नाही. मराठवाडा ज्यांच्या राज्यात होता त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावानं ११२९च्या सुमाराचा 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ आहे. त्यात माशांवर वेगळं प्रकरण आहे. कोणता मासा कुठं राहतो, त्याला काय चारावं, गळाला कसा लावावा. आणि त्याच ग्रंथात अन्नाच्या प्रकरणात वेगवेगळ्या डाळींची पिठं एकत्र करून, हिंग, हळद, मीठ घालून केलेला 'विदलपाक' आहे. एकाच राजाच्या पंगतीत मासाही आहे आणि डाळींच्या पिठाच्या वड्याही. आपल्या मुलखातली डाळीची वडी कमीत कमी नऊशे वर्षांची आहे असं यावरून म्हणता येतं.

बंगालात हेच वेगळ्या दुःखातून आलं. तिथल्या विधवांना मासे वर्ज्य, आणि मासा तर बंगाली जेवणाचा जीव. हरभऱ्याची डाळ वाटून, शिजवून, थापून, वड्या तळून रश्शात सोडायच्या. नाव 'धोकार डालना'. धोका म्हणजे फसवणूकच. चीनमधल्या बौद्ध मठांत गव्हाच्या कणकेतलं स्टार्च धुऊन काढून उरलेला चिवट ग्लूटेन आणि सोयाबीनचा टोफू यांच्यापासून मासे, बदकं घडवली गेली. ग्लूटेन हे बियांतलं असं प्रोटीन की ते मळलं की स्वतःच लांब धागे धरतं. त्यामुळे त्यांच्या नकलेला चावायला जोर आला.

तीन ठिकाणची तीन प्रोटीनं. व्रत जवळपास सारखं, पण शेतात काय पिकतं त्यावरून ताटातला मासा ठरला.

सोयाबीन येतं

आमच्या शेतात मग सोयाबीन आलं, आणि गोष्ट बदलली.

सोयाबीन भारतात अगदीच परकं नव्हतं. हिमालयात 'भट' आणि मध्य भारतात 'काळी तूर' या नावांनी काळ्या दाण्याच्या जाती होत्या. १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी सोयाबीन खाण्याचे प्रयोग केले आणि 'हरिजन'मधून त्यावर लिहिलं. बडोदा संस्थानातले अन्न-पाहणी अधिकारी एफ. एस. काळे यांनी १९३६ मध्ये सोयाबीनवर इंग्रजीत जाडजूड पुस्तक काढलं, पाककृतींसकट. चाळीस टक्के प्रोटीन, वीस टक्के तेल, स्वस्त, कमी कष्टाचं. गरिबाचं अन्न म्हणून याहून चांगलं काय असणार?

पण स्वयंपाकघरानं ते नाकारलं. कारण वास. सोयाबीन भरडलं की त्यातलं एक एन्झाइम तेलावर तुटून पडतं आणि कच्च्या गवतासारखा उग्र वास सुटतो. शिवाय कच्चं सोयाबीन पचन अडवतं, ते नीट उष्णता देऊनच खावं लागतं. हरभऱ्यालाही कच्चट वास असतो, पण भाजलं-शिजलं की तो खमंग होतो. सोयाबीनचा हट्टी असतो.

याच काळात अमेरिकेत सोयाबीनची गुंडी उसवायचं काम चालू होतं. रॉबर्ट बॉयर हेन्री फोर्डच्या पदरी होता. सोयाबीनच्या प्रोटीनपासून कापडासाठी सूत काढता येईल का, हे तो बघत होता. सूत काढता काढता त्याला वाटलं, हे खाता का येऊ नये? १९५४ मध्ये त्यानं प्रोटीनच्या धाग्यांपासून मांस करण्याचं पेटंट घेतलं. ते महाग पडलं. मग एडीएम या कंपनीतल्या विल्यम अ‍ॅटकिन्सननं सोपी वाट काढली, तिचं पेटंट १९७० चं. तेल काढून उरलेलं सोयापीठ भिजवायचं, मळसूत्र असलेल्या गरम नळीतून प्रचंड दाबानं पुढं ढकलायचं आणि बारीक तोंडातून बाहेर काढायचं. शेवेचा सोऱ्याच, फक्त आतून धगधगता. दाब सुटला की वाफ फुटते आणि स्पंजसारखी वडी तयार होते.

ही वडी आपल्या ओळखीची आहे. किराणा दुकानात मिळणारी 'सोयाबीनची वडी'. १९६०च्या दशकाच्या शेवटी पंतनगर आणि जबलपूरच्या कृषी विद्यापीठांनी अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाबरोबर सोयाबीनचं काम उभं केलं, माळव्यात ते पसरलं, इंदूरकडे तेलगिरण्या झाल्या आणि उरलेल्या पेंडेच्या वड्या पाकिटांतून गावोगाव पोचल्या. मराठवाड्यात पीकही आलं. परभणीच्या कृषी विद्यापीठानं एमएयूएस ७१, १५८, ६१२ अशा जाती दिल्या. अंबाजोगाई, केज, परळीच्या काळ्या रानात खरिपात आता नजर जाईल तिथं सोयाबीन दिसतं.

नव्या जमान्याचा 'मासा' याच सोऱ्याचा पुढचा अवतार आहे. नळीच्या तोंडाला थंड साचा लावला की वाफ फुटत नाही, उसवलेलं प्रोटीन एका दिशेनं आडवं होऊन गोठतं आणि पापुद्रे पडतात. रचना मिळाली. राहिली चव. ती समुद्री शेवाळातून आणतात. हे योग्यच आहे, कारण माशातला समुद्राचा वास आणि ओमेगा-३ तेल, दोन्हीचा उगम शेवाळातच आहे. कोळंबीसाठी वेगळी वाट आहे. तिला पापुद्रे नकोत, तिला ताणदार करकरीतपणा हवा. त्यासाठी मुगाचं प्रोटीन वापरतात, किंवा कोंजाक नावाच्या कंदाचं पीठ चुन्याच्या पाण्यात गोठवतात. कोंजाक हा आपल्या सुरणाचा सख्खा भाऊ. कोकणातली बाई सुरणाच्या कापांवर माशाचा मसाला लावत होती, तेव्हा ती या घराण्याच्या दारातच उभी होती.

माझी फजिती

एवढं वाचल्यावर मी एका रविवारी सोयाबीनच्या पिठाची मासवडी करायला घेतली. चाळीस टक्के प्रोटीन म्हणजे बेसनापेक्षा दुप्पट चांगली होईल, असा माझा हिशेब.

घोटत राहिले, पीठ घट्ट होईना. पाणी वेगळं, पीठ वेगळं. अजून पीठ घातलं तर रवाळ लगदा झाला. थापला, दुमडला, फडकं काढलं तर वडी मातीच्या ढेकळासारखी फुटली. वास खोलीभर. सोयाबीनमध्ये स्टार्च जवळजवळ नसतं, हे मला पाठ होतं, पण हाताला ते त्या दिवशी कळलं. प्रोटीन कितीही असो, त्याला धरून ठेवणारं कुणीतरी लागतं. दुसऱ्यांदा तीन भाग बेसन आणि एक भाग सोयापीठ घेतलं. वडी बसली. थोडी ठिसूळ, पण बसली. रश्शात बुडवल्यावर वास बराचसा झाकला गेला.

आजी आता नाही. असती तर म्हणाली असती, हरभरा काय महाग झाला होता का?

मासा कोण खातं?

हा प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आमच्याकडे सोयाबीन कुणी खायला पेरत नाही, विकायला पेरतात. दाण्यातून अठरा टक्क्यांच्या आसपास तेल निघतं आणि उरलेली पेंड, म्हणजे जवळपास सगळं प्रोटीन, मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जातं. २०२१च्या ऑगस्टमध्ये कुक्कुटपालकांसाठी १२ लाख टन जीएम सोयापेंड बाहेरून आणायला केंद्रानं परवानगी दिली आणि चढलेला भाव उतरला. २०२४-२५ साठी हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता. त्या हंगामात मराठवाड्यातल्या बाजारांत शेतकऱ्यांनी त्याहून खाली सोयाबीन घातलं. ज्या जिल्ह्यातून दिवाळीनंतर माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला निघतात, त्या जिल्ह्यातलं सगळ्यात प्रोटीनभरलं पीक ढेपेच्या भावात बाहेर जातं. आणि तेच प्रोटीन परदेशात किंवा मोठ्या शहरात सोऱ्यातून काढून, शेवाळाचा वास लावून, गोठवून विकलं की त्याची किंमत खऱ्या माशाच्या वर जाते.

अजून एक गंमत. सोयापेंड कोंबड्यांबरोबर माशांच्या खाद्यातही जाते. शेततळ्यात, धरणात वाढवलेल्या रोहू-कटल्याला ती चारली जाते. म्हणजे सोयाबीनचा मासा होतोच आहे. यंत्रातून नाही, तर तळ्यातून.

मग बीडच्या सोयाबीनचा मासा बीडमध्येच का करू नये? करावा. मळसूत्राची नळी काही आकाशातून पडत नाही, परभणीच्या विद्यापीठात अन्नतंत्राचं महाविद्यालय आहे, शिकलेली पोरं आहेत. पण करताना पुण्यातल्या त्या रबरी तुकड्याची चूक करू नये. तो तुकडा सोयाबीनला सोयाबीन राहू देत नव्हता. त्याला समुद्र व्हायचं होतं आणि तो धड समुद्रही झाला नाही. मासवडी कधी समुद्र व्हायला गेली नाही. तिनं आपल्या पिठाचा स्वभाव ओळखला. जिथं धागा नव्हता तिथं सारण घातलं, जिथं वास नव्हता तिथं रस्सा ठेवला. माशाचं नाव घेतलं, पण त्याची चव चोरली नाही.

आजीच्या प्रश्नाला मी आता उत्तर देऊ शकते. काटा नाही, पाप नाही, तरी अजून एक गोष्ट पाहिजे होती आणि ती तुझ्या वडीत होती. परसातल्या चुलीपाशी बसलेले आजोबा मासा संपला की आत यायचे, पाटावर बसायचे आणि ताट पुढं करायचे.

"दोन वड्या टाक," म्हणायचे. "रस्सा जास्त."